स्टेडियम रोड ते खाशाबा जाधव मार्ग: प्रकल्प नोंदी

रस्त्याचे नाव बदलताना लोक पाटी बघतात, पण काम नोंदवह्यांमध्ये असते. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषद हद्दीत हे काम जून २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात झाले. बांधकाम, कर आणि आवक-जावक अशा तीन टेबलांवरच्या नोंदी इथे तारीखवार एकत्र केल्या आहेत. गाव आणि कार्यालय यांची नावे गाळली आहेत.

९ जून २०२५

रहिवाशांचा अर्ज आवक झाला. मागणी अशी की स्टेडियम रोडला ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचे नाव द्यावे. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला जन्मशताब्दी. हाच दिवस राज्य क्रीडा दिन म्हणूनही पाळला जातो. अंमलाची तारीख तीच धरून उलटी मोजणी केली: हरकतींना ३० दिवस, ठराव, अंदाजपत्रक, कार्यादेश, पाट्या. हातात सात महिने आहेत, वाटतात तेवढे नाहीत. मधे पावसाळा आहे, गणपती आहेत, दिवाळी आहे, आणि नगरपरिषदांच्या निवडणुका कधीही जाहीर होऊ शकतात.

अर्जात दुसरा पर्याय मुरलीकांत पेटकर यांचा आहे. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण मिळवून दिले. नाव वजनदार आहे, पण हयात व्यक्तीचे नाव रस्त्याला द्यायचे नाही हा इथला पाळलेला संकेत. पर्याय बाजूला ठेवला.

११ जून

मोजणी झाली. बसस्थानक चौकापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत लांबी ६४० मीटर, विकास योजनेत रुंदी १२ मीटर. जागेवर काही ठिकाणी साडेनऊच भरते, पण तो वेगळा विषय.

खरी अडचण निराळीच निघाली. स्टेडियम रोड हे नाव कधी अधिकृतपणे दिलेच नव्हते. कर आकारणी नोंदवहीत ‘स्टेडियम रोड’, विकास योजनेच्या नकाशात नुसता ‘१२ मी. रुंद रस्ता’, वीजबिलांवर कुठे ‘तालीम रोड’ तर कुठे ‘स्टेडियमजवळ’. जुने इतिवृत्त १९८० पर्यंत मागे चाळले, नामकरणाचा ठराव सापडला नाही. म्हणजे कागदोपत्री हे नामांतर नाही, पहिलेच नामकरण आहे. ठरावाची भाषा त्याप्रमाणे लागेल: ‘स्टेडियम रोड / तालीम रोड या नावांनी ओळखला जाणारा’. यातले एक रूढ नाव गाळले, तर उद्या कुणीतरी तालीम रोड हा वेगळाच रस्ता आहे असे सांगत येईल.

१९ जून

रस्ता कोणाचा, याची तपासणी. नगरपरिषदेकडे निहित असलेल्या रस्त्यालाच नगरपरिषद नाव देऊ शकते. बसस्थानक चौकाकडचे पहिले ९० मीटर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यादीत आहेत, उरलेले ५५० मीटर आपले. ना हरकत मागण्याचे पत्र आजच जावक केले. हे आधी केले नाही, तर ठराव होतो, पाट्या लागतात, आणि पुढच्या डांबरीकरणात ठेकेदार त्या उपटून नेतो. त्या खात्याच्या अंदाजपत्रकात तुमच्या पाटीचा उल्लेखच नसतो.

गावात याच नावाचा दुसरा रस्ता, चौक, उद्यान आहे का तेही पाहिले. नाही.

२७ जून

नाव नेमके कसे लिहायचे? कागदावर सहा मांडण्या आल्या. सर्वांत लांब ‘ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव मार्ग’, सर्वांत आखूड ‘के. डी. जाधव पथ’.

दोन्ही टोके नाकारली. लांब नाव लोक स्वतःच तोडतात, आणि तोडताना माणूसच हरवतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा जे. एम. रोड झाला. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले होते, जातिभेदाच्या काळात खेळलेला तो पहिल्या फळीतला दलित क्रिकेटपटू. पण पाटीवरच्या ‘पी.’ने यातले काहीच कळत नाही. म्हणून आद्याक्षरे नकोत. ‘पैलवान’ हा मान खरा, पण पाटीच्या मुख्य ओळीत बसत नाही. ‘कै.’ तर नकोच, मेलेल्यांचीच नावे द्यायची म्हटल्यावर ते वेगळे सांगायचे कशाला.

कर विभागाच्या संगणकाची एक तांत्रिक अट इथे कामी आली. रस्त्याच्या नावाचा रकाना ५० बाइटचा आहे. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त सगळे धरून, ३ बाइट घेते आणि मोकळी जागा १ बाइट. ‘खाशाबा जाधव मार्ग’ ही १५ चिन्हे आणि २ मोकळ्या जागा, म्हणजे ४७ बाइट. बसते. लांब मांडणीला १२५ लागतात, ती बिलावर ‘ऑलिंपिकवीर पैलवान’ एवढ्यावरच तुटली असती.

ठरले: खाशाबा जाधव मार्ग. खाली बारीक अक्षरात ‘ऑलिंपिक कांस्यपदक, हेलसिंकी १९५२’. ऑलिंपिक की ऑलिम्पिक? अनुस्वाराचे रूप सगळीकडे एकसारखे वापरायचे.

तोंडी सांगताना दोघांनी ‘खासबाग मार्ग’ असे ऐकले. कोल्हापूरच्या मैदानाचे नाव कानात इतके बसलेले आहे. फोनवर नाव सांगताना ‘जाधव’वर जोर द्यायचा, अशी चिठ्ठी चौकशी खिडकीवर लावली.

८ जुलै

जाहीर नोटीस स्थानिक दैनिकात, कार्यालयाच्या फलकावर आणि रस्त्यावर चार ठिकाणी. हरकती-सूचनांना ३० दिवस. दैनिकातले कात्रण आणि रस्त्यावर नोटीस डकवल्याचा पंचनामा, फोटोसह, त्याच दिवशी फाइलला लावला. नोटीस कुणी पाहिलीच नाही ही हरकत नेहमी शेवटच्या आठवड्यात येते, आणि तेव्हा पंचनामा नसेल तर मुदत पुन्हा सुरू करावी लागते.

८ ऑगस्ट

मुदत काल संपली. एकूण २३ हरकती-सूचना आल्या. ११ दुकानदारांच्या, पत्ता बदलला की परवाने, बिलबुके, बँक, जीएसटी सगळे बदलावे लागेल अशा. ६ नावाच्या मांडणीबद्दल, बहुतेक ‘पैलवान’ हवे म्हणणाऱ्या. ३ दुसऱ्या नावांसाठी. २ जणांचे म्हणणे, आधी खड्डे बुजवा मग नाव द्या. हरकत नामकरणाला लागू नाही, पण खरी आहे. टिपणी बांधकाम विभागाकडे पाठवली. १ हरकत पहिल्या ९० मीटरच्या मालकीवर, आणि ती बरोबर होती. ना हरकत पत्र अजून आलेले नव्हते.

दुकानदारांच्या शंकेला नीट उत्तर द्यायला हवे, कारण नामांतराला होणारा निम्मा विरोध याच एका भीतीतून येतो. मिळकत क्रमांक बदलत नाही. सिटी सर्व्हे क्रमांक बदलत नाही, मिळकत पत्रिकेची ओळख त्या क्रमांकावर चालते, रस्त्याच्या नावावर नाही. पिन कोड तोच. वीज ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट तेच. आधारवरचा जुना पत्ता त्यामुळे रद्द होत नाही, पुढे कधी अद्ययावत कराल तेव्हा नवा घाला. जीएसटीत मात्र मुख्य व्यवसायस्थळाचा पत्ता हा मूळ माहितीत मोडतो, त्यासाठी पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि पुरावा जोडावा लागतो. तो पुरावा नगरपरिषदेने द्यायचा: ‘जुना पत्ता व नवा पत्ता एकाच मिळकतीचे आहेत’ असा दाखला, जावक क्रमांकासह, विनाशुल्क. दाखल्याचा नमुना आजच तयार केला. ११ पैकी ८ जणांनी तो वाचून हरकत मागे घेतली.

२१ ऑगस्ट

सार्वजनिक बांधकाम विभागाचे ना हरकत १८ तारखेला आले. अट एक: पाट्यांचे पाये रस्त्याच्या पृष्ठभागात नकोत, पदपथाच्या मागच्या कडेला हवेत.

प्रशासकीय राजवट असल्याने प्रशासकांच्या सभेत ठराव. सूचक-अनुमोदक नाहीत. म्हणून फाइल अधिकच भक्कम हवी, उद्या निवडून आलेली सभा विषय पुन्हा काढू शकते. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, तेव्हा मालकी, नोटीस आणि हरकतींचा निपटारा हे तिन्ही कागद ठरावाला जोडलेले असलेले बरे.

ठरावाचा पहिला मसुदा परत पाठवला. त्यात ‘अमुक किराणा दुकानापासून तमुक बंगल्यापर्यंत’ असे होते. दुकान उद्या मोबाईलचे होईल, बंगल्याच्या जागी इमारत येईल. दुरुस्त मसुद्यात सुरुवात बसस्थानक चौकाचा मध्यबिंदू (साखळी, म्हणजे रस्त्यावरचे मोजलेले अंतर, ०), शेवट ओढ्यावरच्या पुलाचा अलीकडचा कठडा (साखळी ६४०), दोन्हींचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत. अंमल १५ जानेवारी २०२६ पासून. शेवटच्या परिच्छेदात बदलायच्या नोंदवह्यांची यादी घातली. ही यादी ठरावातच हवी, नाहीतर प्रत्येक टेबल ‘आम्हाला लेखी काही नाही’ म्हणते.

८ सप्टेंबर

विसर्जन पार पडले. मिरवणुकीच्या मार्गावर त्याआधी खड्डे घेण्यात अर्थ नव्हता.

पाटीचा आराखडा. सहा पाट्या: दोन टोके, तीन फाटे, आणि तालमीसमोर एक. आकार १२०० × ४५० मि.मी., २ मि.मी. ॲल्युमिनियम पत्रा, त्यावर टाइप ४ चा परावर्तक पट. निळ्यावर पांढरे. मुख्य ओळीच्या अक्षराची उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत १०० मि.मी. त्या मापात ‘खाशाबा जाधव मार्ग’ सुमारे ८८० मि.मी. लांब होते, दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे मोकळे राहतात. ‘र्ग’वरच्या रफाराला शिरोरेषेच्या वर किमान ३० मि.मी. सोडायचे. इंग्रजी पाट्यांच्या साच्यावर मराठी मजकूर ओतला की हीच जागा मरते आणि रफार किनारपट्टीत घुसतो. दुसऱ्या ओळीत रोमन लिपी ७५ मि.मी., स्पेलिंग ऑलिंपिकच्या नोंदीतलेच. तिसरी ओळ ४० मि.मी.

खांब: ६५ मि.मी. जीआय पाईप, मध्यम जाडीचा, पाटीला दोन. आधी प्रत्येक पाय ३.२ मीटरचा धरला होता. बाजारात पाईप ६ मीटरचा येतो, त्यातून एकच पाय निघून २.८ मीटरचा तुकडा वाया. १२ पायांना १२ नळ्या लागल्या असत्या. पाय ३ मीटरचा केला: जमिनीत ०.६, पाटीखाली मोकळी उंची २.१, उरलेले ०.३ पाटीच्या मागे. पाटीचा वरचा १५० मि.मी. भाग मागच्या अँगलच्या चौकटीवर पेलायचा. आता ६ नळ्यांत काम भागते.

पाया ४५० × ४५० × ७०० मि.मी., एम-२० काँक्रीट. १२ खड्ड्यांना १.७ घनमीटर, सिमेंट १४ गोण्या. पाईपच्या तळाला १२ मि.मी.ची ३०० मि.मी. लांब सळई आडवी वेल्ड करायची. ती नसली, तर कुणीही खांब हाताने पिळून फिरवतो आणि महिन्यात पाटी ओढ्याकडे तोंड करून उभी. वरच्या तोंडाला टोपी वेल्ड करायची, उघड्या पाईपात पावसाचे पाणी साठून गंज आतून लागतो आणि बाहेरून कळत नाही.

१७ सप्टेंबर

अक्षरांचा नमुना कागदावर खऱ्या मापात छापून भिंतीवर लावला आणि ४० मीटरवरून पाहिला. पाटीवर ‘रवाशाबा’ दिसत होते.

दोष ‘ख’चा. जुन्या वळणात हा ‘र’ आणि ‘व’ सुटा काढतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या प्रमाण वर्णमालेत खालून जोडलेला ‘ख’ आहे, तोच हवा. त्याच निर्णयाप्रमाणे मराठीत ‘श’ देठयुक्त आणि ‘ल’ पाकळीयुक्त. बहुतेक युनिकोड फॉन्ट मात्र, तुम्ही काही निवडले नाही तर, हिंदी वळणाचा गाठयुक्त ‘श’ आणि दंडयुक्त ‘ल’ दाखवतात. खाशाबा या एका नावात ख आणि श दोन्ही आहेत, आणि तिसऱ्या ओळीतल्या ऑलिंपिकमध्ये ‘ल’. म्हणजे चुकायच्या सगळ्या जागा इथेच. मजकुराची भाषा आरेखन प्रणालीत ‘मराठी’ अशी निवडली की काही फॉन्ट योग्य वळणे आपोआप देतात. ते जमत नसेल तर मराठी वळणाचाच फॉन्ट घ्यायचा.

दुसरी चूक पाटी बनवणाऱ्याच्या संगणकावर झाली. त्याने युनिकोड मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये उतरवला आणि ‘मार्ग’चा रफार ‘मा’च्या डोक्यावर जाऊन बसला. इलाज: आपल्याकडूनच अक्षरे रेषाकृतीत बदलून फाइल पाठवायची. मग तिथे फॉन्टच लागत नाही. नमुना सही-शिक्क्याने मंजूर करायचा आणि ‘यापुढे अक्षरांना हात लावू नये’ हे कार्यादेशातच लिहायचे.

२६ सप्टेंबर

कर विभागातली चाचणी. या रस्त्यावर २१२ मिळकती. दोन मार्ग होते: नवा रस्ता-संकेतांक तयार करून मिळकती तिकडे हलवायच्या, किंवा जुन्या संकेतांकाचे फक्त वर्णन बदलायचे. पहिला मार्ग नमुना-प्रतीवर करून पाहिला. थकबाकीचा इतिहास जुन्या संकेतांकाखाली राहिला आणि नव्या बिलावर मागील बाकी शून्य आली. लोकांना ते आवडले असते.

दुसरा मार्ग पक्का केला. संकेतांक तोच, वर्णन नवे, ‘पूर्वीचे नाव’ असा जादा रकाना. चाचणीत ९ कोपऱ्यावरच्या मिळकतींचा घोळ सापडला, दर्शनी बाजू या रस्त्याला आणि नोंद आडव्या गल्लीची. त्या आता हलवायच्या नाहीत, चतुर्थ वार्षिक फेरआकारणीत जागेवर पाहून ठरवायच्या. नामकरणाच्या निमित्ताने कर आकारणीत हात घातला, तर हरकतींचा दुसरा हंगाम सुरू होतो.

७ ऑक्टोबर

कार्यादेश दिला. काम प्रत्यक्ष सुरू होण्याची तारीख त्यात १३ ऑक्टोबर घातली. निवडणुकीची हवा आहे. आचारसंहितेआधी कार्यादेश निघालेले आणि जागेवर सुरू झालेले काम चालू ठेवता येते, नुसता कागद निघालेले नाही.

१५ ऑक्टोबर

१२ पैकी ८ खड्डे झाले. चौथ्या खड्ड्यात ४५० मि.मी. खोलीवर घराचा नळजोड निघाला, पहारीचा एक घाव त्यावर बसला. मुख्य वाहिनीचा नकाशा आहे, जोडण्यांचा कुठेच नाही. पाणीपुरवठ्याच्या माणसाला सोबत घेतले असते तर त्याने बोटाने दाखवला असता. आता खड्डा ६०० मि.मी. सरकवला. उरलेल्या चार खड्ड्यांना आधी हाताने ५०० पर्यंत खोदायचे, पहार नंतर.

तालमीसमोरच्या पाटीची जागाही बदलली. आधीच्या ठिकाणी गुलमोहराची फांदी आडवी येते. आज फांदी छाटली तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येणार.

२९ ऑक्टोबर

काँक्रीटच्या पायांना सात दिवस पाणी मारणे दिवाळीच्या सुटीत अडले, तीन दिवस कुणीच मारले नाही. पावसाच्या सरी येऊन गेल्या म्हणून निभावले. पाट्या आज बसवल्या. रिव्हेट, नट-बोल्ट नाही. ॲल्युमिनियम भंगारात लगेच खपते.

रात्री मोटारसायकलच्या दिव्यात तपासणी. पाच पाट्या ठीक. एकीवर परावर्तक पटाखाली हवेचे बुडबुडे, बरोबर ‘ध’वर. पत्रा पुसताना तेलकट राहिला की असे होते. बदलून देण्यास सांगितले.

मुख्य पाटीच्या खाली स्वतंत्र पट्टी, १२०० × १००: ‘पूर्वीचे नाव: स्टेडियम रोड’. ती वेगळ्या रिव्हेटने, दोन वर्षांनी काढता येईल अशी. बस कंडक्टर, रिक्षावाले, कुरिअरची मुले यांना जुने नाव पाटीवर दिसले, तर नवे नाव त्याच्याशी जोडून लक्षात राहते.

४ नोव्हेंबर

राज्य निवडणूक आयोगाने नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर केल्या. मतदान २ डिसेंबर. आचारसंहिता लागू. पाट्या उभ्या आहेत पण नाव अमलात यायचे आहे, म्हणून सहाही पाट्या झाकल्या आणि निवडणूक शाखेला तसे लेखी कळवले. झाकायला सुती कापड आणि दोरी. चिकटपट्टी परावर्तक पटावर लावायची नाही, काढताना पट सोबत येतो. प्लास्टिकही नको, आत बाष्प धरते. खांबांवर एवढ्या दिवसांत वाढदिवसाचे दोन फ्लेक्स बांधले गेले. ते त्याच दिवशी उतरवले. एक राहिला की दहा येतात.

२४ नोव्हेंबर

निवडणुकीशी संबंध नसलेला पत्रव्यवहार उरकला. पहिले पत्र अग्निशमन आणि १०८ रुग्णवाहिकेच्या समन्वयकांना, कारण चुकीच्या पत्त्याची किंमत तिथे सर्वांत मोठी. मग टपाल कार्यालय (बटवड्याच्या पोस्टमनपर्यंत पोचले का, ते समक्ष विचारले), महावितरण, गॅस वितरक, एस.टी. आगार, पोलीस ठाणे, दूरध्वनी कंपन्या. प्रत्येक पत्रासोबत ठरावाची प्रत आणि एक पानी नकाशा. नुसते पत्र फाइलला जाते, नकाशा भिंतीला लागतो.

२२ डिसेंबर

निकाल काल लागले. मतदार यादीतल्या विभागाच्या शीर्षकात रस्त्याचे नाव बदलण्याचे पत्र आता तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेला दिले. निवडणूक चालू असताना यादीला हात लागत नाही.

६ जानेवारी २०२६

तालमीसमोरच्या दगडी फलकाचा मजकूर. काळा ग्रॅनाइट ९०० × ६००, कोरीव अक्षरे २ मि.मी. खोल, कोणतेही अक्षर १८ मि.मी.पेक्षा लहान नाही. त्याखाली गेले की अनुस्वार आणि मात्रा रंग भरताना बुजतात.

पहिल्या मसुद्यात चार चुका होत्या. पाटी पुसता येते, दगड नाही, म्हणून सविस्तर.

‘भारताला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे’: चूक. हॉकीचे सुवर्ण १९२८ पासून आहे. ‘पहिले वैयक्तिक पदक’: यावरही वाद होतो, कारण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके घेतली आणि ती भारताच्या नावावर मांडली जातात. ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ हे निर्विवाद. ‘स्वतंत्र’ हा शब्द गाळता येत नाही, जागा कमी पडली तर दुसरे काही गाळा.

‘पद्मश्री’: त्यांना पद्म पुरस्कार मिळालेला नाही. आदरापोटी कुणीतरी लिहून टाकतो आणि पुढचे दहा फलक तेच उतरवतात. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

‘१९४८ व १९५२ मध्ये पदके’: १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. पदक एकच, २३ जुलै १९५२ चे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडले, लिअँडर पेसचे. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ ला पॅरिसमध्ये, स्वप्नील कुसाळेचे. मधे ७२ वर्षे.

‘ऱ्हा’: मसुद्यात ‘कऱ्हाड’ होते. कोरणाऱ्याच्या प्रणालीत ‘ऱ्ह’ फुटून ‘र्‍ ह’ झाला. तालुक्याचे प्रचलित ‘कराड’ घेतले.

हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते, आणि परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. हे दोन्ही दगडावर हवे अशी मागणी आली. दगडावर घेतले तर अक्षर १८ च्या खाली जाते. तालमीच्या आतल्या भिंतीवर रंगवायचे ठरले.

अंतिम मजकूर:

खाशाबा दादासाहेब जाधव
जन्म १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड
मृत्यू १४ ऑगस्ट १९८४
१९४८ लंडन: कुस्ती, फ्लायवेट गट, सहावा क्रमांक
१९५२ हेलसिंकी: मुक्त कुस्ती, बँटमवेट गट (५७ किलो), कांस्यपदक
स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक

खालच्या कोपऱ्यात ठराव क्रमांक आणि तारीख. बाकी कुणाचेही नाव नाही.

१५ जानेवारी

सकाळी सहाही पाट्यांवरचे कापड काढले. कर प्रणालीत वर्णन बदलले, पहिली २० बिले छापून पाहिली, नाव पूर्ण येते. कुणालाही भरता येणाऱ्या ऑनलाइन मुक्त नकाशावर नवे नाव मुख्य रकान्यात, ‘स्टेडियम रोड’ जुन्या नावाच्या रकान्यात आणि ‘तालीम रोड’ पर्यायी नावाच्या रकान्यात भरले. जुने नाव पुसून टाकले, तर ते शोधणाऱ्याला रस्ताच सापडत नाही. खासगी नकाशा सेवांना बदल सुचवला, ठरावाची प्रत आणि पाटीचा फोटो जोडून.

बाकी कामे: बुडबुडेवाली पाटी अजून बदलून आलेली नाही. ४ दुकानांनी पत्त्याचा दाखला मागितला, ३ दिले, एकाचा मिळकत क्रमांक जुळत नाही. दगडी फलकाच्या चौथऱ्याचा गिलावा ओला आहे. बसस्थानकावरच्या रिक्षा थांब्याचा फलक अजून ‘स्टेडियम रोड’ म्हणतो. तो थांब्याच्या संघटनेचा आहे, त्यांना पत्र दिले.